माय, याडी, अम्मी

दिवाळी अंकात गोड लिहावे असा संकेत आहे. वर्षभर या पानावर आपण मुलांचे हट्ट, सासूबाईंचे पथ्यपाणी, वाढती महागाई असल्या गोष्टींवर कुरकुर करतो. तेव्हा दिवाळीत तरी चार शब्द तुपातले असावेत, हे मलाही पटते. पण यंदा एक पत्र असे आले की ते फराळाच्या ताटाआड लपवून ठेवणे बरे वाटेना. म्हणून तेच आज आपल्यापुढे ठेवते. लिहिणाऱ्या भगिनीचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. घरोघरी मातीच्या चुली.

या बाईंचा मुलगा चार वर्षांचा. चांगल्या, महागड्या बालवर्गात जातो. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची मुलगीही तेवढ्याच वयाची. ती सुट्टीच्या दिवशी आईबरोबर येई आणि दोघे मिळून ठोकळ्यांची घरे बांधत. एके दिवशी पाहुणे आले. त्यांच्यासमोर मुलगा त्या मुलीला हाताने दूर सारून म्हणाला, "ही नको. ही अंगणवाडीतली आहे. अंगणवाडीतली मुले घाण असतात."

पाहुणे हसले. मुलीची आई भांडी घासत होती, तिने ऐकले. ती काही बोलली नाही. हात पुसून बाहेर आली, मुलीला उचलले आणि मोरीपाशी बसवले. दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला आणीनाशी झाली. आमच्या वाचक भगिनी लिहितात, "आमच्या घरात जातपात, उच्चनीच असले बोलणे कधी होत नाही. आम्ही दोघेही शिकलेले. मग हे याने उचलले कुठून? आणि आता काय करू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा कडू आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलाने ते घरातून, जिन्यातून, शाळेच्या गाडीतून, जिथून मिळेल तिथून उचलले आहे. आपण समजतो की मुले आपले बोलणे ऐकून शिकतात. तीन-चार वर्षांचे मूल बोलणे कमी ऐकते आणि हात जास्त पाहते. आईने 'सगळी माणसे सारखी' असे दहादा सांगितले, आणि कामाच्या बाईंचा चहा मात्र कान तुटलेल्या वेगळ्या कपात ओतून खिडकीवर ठेवला, तर मुलाच्या लक्षात कप राहतो.

त्यातून आपली मराठी भाषा मोठी बारकाव्याची. 'अहो' कुणाला म्हणायचे आणि 'अरे' कुणाला, हे मूल अंक शिकण्याच्या आधी शिकते. डॉक्टर तिशीचे असले तरी ते 'आले', रखवालदार साठीचे असले तरी तो 'आला'. शेजारच्या काकू 'बसल्या', भाजीवाली 'बसली'. आपण कुणाचा अपमान करावा म्हणून हे करत नाही, सवयीने करतो. पण मुलाच्या मनात त्या क्रियापदांची एक उतरंड रचली जाते. कुणाचे मडके वर आणि कुणाचे खाली, हे त्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. मग एखाद्या दिवशी ते त्या उतरंडीतले सर्वांत खालचे मडके पायाने ढकलते, आणि आपण चकित होतो.

पण मला त्या पत्रातला एक शब्द फार लागला. तो म्हणजे 'अंगणवाडीतली'. हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जावा, यासारखी उलटी गंगा नाही. तो जन्माला कसा आला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे मागे जाऊ.

ताराबाई मोडक या १८९२ साली मुंबईत जन्मल्या. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. ताराबाई पदवीधर झाल्या, लग्न होऊन अमरावतीला गेल्या, आणि काही वर्षे त्यांचा संसार आपल्या वऱ्हाडात झाला. तो फार काळ टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला आल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मुलीला कुठल्या शाळेत घालावे, या आईच्या काळजीनेच त्यांना भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात नेले. गिजुभाई वकिली सोडून मुलांत रमलेले. १९२० साली त्यांनी ते बालमंदिर काढले होते. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती आणि मुलाला 'गप्प बस' म्हणणारे कुणी नव्हते. ताराबाई तिथेच राहिल्या आणि बालशिक्षण हेच त्यांचे आयुष्य झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला.

शिशुविहारात आपल्यासारख्यांचीच मुले येत. तिथे सगळे छान चालले होते. आणखी कुणी असते तर तिथेच तृप्त झाले असते. ताराबाईंना मात्र प्रश्न पडला की हे शिक्षण चांगले आहे, तर ते खेड्यातल्या गरीब मुलांना का नाही? म्हणून १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि लगेच वैधव्य आले होते. त्यातून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षी या कामात पडल्या त्या १९९२ साली डोळे मिटेपर्यंत.

बोर्डीला बालवाडी निघाली. पण पाहतात तर दलित वस्तीतली, गरिबांची मुले तिथवर येईनात. त्यांच्यासाठी ते अंतर चालून संपणारे नव्हते. आता एरवी आपण काय म्हटले असते? "आम्ही दार उघडे ठेवले आहे, त्यांनाच शिक्षणाची गोडी नाही." हे वाक्य आपण आजही किती सहज बोलतो! ताराबाई-अनुताईंनी ते म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. साहित्य घेऊन त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात, झाडाखाली मुलांना जमवून बसल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९५७ साली त्या डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा झाले. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली. परदेशी महागडी साधने परवडणार नव्हती. मग बिया, शिंपले, खडे, पाने, बांबूच्या कांड्या हीच मोजण्या-जुळवण्याची साधने झाली.

यात मला मोठे वाटते ते असे. मुलाला बदलायचे म्हणून त्या गेल्या नाहीत. मुलाच्या घराला, त्याच्या कामाला, त्याच्या अंगणाला मान देऊन त्यांनी आधी शाळेला बदलले. भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रात त्यात एकीकडे मुंबईतली धारावी होती आणि दुसरीकडे मेळघाटातली धारणी. केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. मराठी अंगणातून निघालेला हा शब्द हिंदी मुलखातही तसाच बोलला जातो.

आता दुसरा एक शब्द घ्या, मॉण्टेसरी. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत रंगीत खुर्च्या आणि भरगच्च फी येते. पण मारिया मॉण्टेसरींची पहिली शाळा १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो भागात निघाली, आणि तो भाग होता कष्टकऱ्यांच्या चाळींचा. आईबाप कामावर गेले की दिवसभर जिन्यांत हुंदडणाऱ्या मुलांसाठी ती शाळा होती. म्हणजे मॉण्टेसरी आणि अंगणवाडी या दोघी बहिणी एकाच प्रकारच्या गल्लीत जन्मल्या. एकीचे लग्न श्रीमंताघरी झाले, दुसरी माहेरीच राहिली. आपण पहिलीला 'अहो' म्हणतो आणि दुसरीला 'अगं'.

त्या रोमच्या शाळेतली एक गोष्ट मॉण्टेसरीबाईंनी सांगितली आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे हे शिकवले. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता नाक कसे पुसायचे, एवढेच. मुले अगदी शांतपणे पाहत होती. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, एखादे नाटक आवडावे तशा. बाई थक्क झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले की या मुलांना नाकावरून नेहमी बोलणी खावी लागतात, पण ते पुसायचे कसे, हे कुणी कधी मान राखून दाखवलेलेच नव्हते. आपल्याकडे 'शेंबडे पोर' ही शिवीच आहे. शेंबूड पुसायला शिकवण्याचा वेळ आपल्याला नसतो, शिवी द्यायला असतो.

हे सगळे पुस्तकातले झाले, असे कुणी म्हणेल. म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगते. माझ्या धाकट्या जावेचे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे. गेल्या पौषात तिच्या भावाकडे कार्य होते म्हणून आम्ही दोघी गेलो. यवतमाळपर्यंत गाडी, पुढे दारव्ह्याच्या वाटेवर एस. टी. हा कापसाचा आणि तुरीचा मुलूख. एके काळी याच बाजूने शकुंतला नावाची अरुंद रुळांची आगगाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेई. माणसे मोकळी, आग्रही आणि जेवायला वाढताना निष्ठुर. दुसऱ्या दिवशी सकाळी जावेची वहिनी म्हणाली, "ताई, लेकीले अंगणवाडीत सोडून येतो. येता का?" मला नाही म्हणवेना.

एक खोली, पुढे ओसरी. आत सतरंजी, कोपऱ्यात वजनाचा काटा, भिंतीवर फळाफुलांची चित्रे. सेविकाबाई मुलांबरोबर खालीच बसलेल्या. मुलांची वजने, लसी, पोषण आहार, गरोदर बायांची नोंद, सगळे त्यांच्याकडे. आताशा ते मोबाइलवरही भरावे लागते. मदतनीसबाई मागे चूल सांभाळत होत्या. त्या दोघींना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यातले धन बेताचेच असते. निदान मान तरी भरपूर असावा, पण तोही आपण देतोच असे नाही.

त्या दिवशी घरातल्या माणसांचा पाठ चालला होता. बाईंनी चित्र दाखवले आणि विचारले, "हे कोण?" सगळी मुले ओरडली, "माय!" एक लहानगी मात्र म्हणाली, "याडी." ती तांड्यावरून नुकतीच गावात राहायला आलेल्या बंजारा कुटुंबातली. याडी म्हणजे आई. शेजारची दोन-तीन पोरे खुदकन हसली. ती मुलगी लाजली आणि तिने ओठ आत ओढून घेतले.

लहान मुलांना शिकवलेल्या कुणालाही विचारा, हा क्षण फार नाजूक असतो. इथे तीन गोष्टी होऊ शकतात. बाई म्हणू शकतात, "याडी नाही गं, आई म्हण." मग त्या मुलीला कळते की घरची बोली शाळेबाहेर ठेवून यायची. बाई न ऐकल्यासारखे करू शकतात. मग हसणाऱ्यांना कळते की हसलेले चालते. तिसरी गोष्ट त्या बाईंनी केली.

त्या म्हणाल्या, "काहून हासता बाप्पा? तिच्या घरी मायले याडी म्हणतात. तुह्या घरी काय म्हणतात?" हा प्रश्न होता एका मुसलमान मुलाला. तो म्हणाला, "अम्मी." "पाहा बरं," बाई म्हणाल्या, "एका मायले तीन नावं. माय, याडी, अम्मी. म्हणा सगळे." आणि सगळी मुले टाळ्यांच्या तालावर म्हणू लागली, माय, याडी, अम्मी, माय, याडी, अम्मी. ती लहानगी सर्वांत मोठ्याने म्हणत होती. मग तिने आपण होऊन सांगितले की भाकरीला त्यांच्यात बाटी म्हणतात. मघा हसलेला मुलगा तिला विचारू लागला, "अन् पाण्याले काय म्हणते?"

पाठ संपल्यावर मी बाईंना म्हटले, "तुम्ही फार छान सांभाळून घेतलेत." त्या म्हणाल्या, "त्यात काय सांभाळाचं ताई? मी त्या पोरीची बोली नाकारली, त म्या तिची मायच नाकारली ना." एवढे बोलून त्या खिचडीकडे पाहायला गेल्या.

यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी आहे, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, कोलामांची कोलामी आहे, उर्दू आहे. शाळेचे पुस्तक मात्र एकाच मराठीत. सहा वर्षांची होऊन मुले पहिलीत जातात तेव्हा त्यांच्या तोंडी 'माह्यं', 'तुह्यं', 'काहून' असते, आणि शहरातून बदलून आलेल्या माणसाला ते अशुद्ध वाटते. त्याने एवढे आठवावे की तेराव्या शतकात मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचे लीळाचरित्र, तो सिद्ध झाला वऱ्हाडातल्याच रिद्धपुरात. ज्या मातीत मराठी गद्य पहिल्यांदा नीट उभे राहिले, तिथल्या पोराला 'तुला मराठी येत नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाला? प्रमाण मराठी त्याला शिकवायचीच आहे, पण घरच्या बोलीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. ते धोरण कागदावरून वर्गात उतरते ते अशा एखाद्या सेविकाबाईंच्या तोंडून.

कुणी विचारील, एका हसण्याने असे काय बिघडते? मुले आहेत, विसरतात. याला मी दोन उत्तरे देते.

पहिले आपल्याच इतिहासातले. साताऱ्याच्या शाळेत एक हुशार मुलगा वर्गात सर्वांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. शाळेतल्या नळाला त्याला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे जगभराची विद्या त्यांनी मिळवली, देशाची घटना घडवली, पण मोठेपणी आठवणी लिहायला बसले तेव्हा ते गोणपाट आणि तो नळ त्यांना आठवलाच. मुले विसरत नाहीत. आणि ज्यांच्या अंगी बाबासाहेबांचे बळ नव्हते, त्यांचे काय झाले असेल ते कुणी लिहूनही ठेवलेले नाही.

दुसरे उत्तर अलीकडचे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक कोड्याला थोडे पैसे. जात कुणाला सांगितलेली नव्हती, तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत आधी प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. लगेच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले त्याच कुवतीची, कोडी तीच, पेन्सिली त्याच. फक्त एक शब्द उच्चारला गेला होता. 'खाण तशी माती' म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. इथे मातीत काही उणे नव्हते, उणे होते ते पाहणाऱ्याच्या नजरेत, आणि मुलांना ती नजर ओळखता येत होती.

आणि हे जातीपुरतेच नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या नवरा-बायकोने १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, यातली चांगली कुठली? बहुतेक मुलांनी गोरीकडे बोट दाखवले. वाईट कुठली म्हणताच काळीकडे. मग, तुझ्यासारखी कुठली, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या रंगांच्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा या कामाचाही आधार घेतला. आपल्याकडे तो प्रयोग कुणी करायला हवा असे नाही. बाळंतिणीच्या खोलीत आलेल्या पहिल्या पाहुण्या काय बोलतात ते ऐकावे. सावळ्या विठोबाच्या पायांवर डोके ठेवून आलेल्या बाई नातीला पाहून म्हणतात, "हो, नाकीडोळी नीटस आहे, पण रंग जरा..." नात ऐकत असते.

आता पत्रातला दुसरा प्रश्न, काय करू? आमच्या वाचक भगिनींना माझे सांगणे असे.

मुलाला मारू नका, रागावूही नका. त्याने केले ते आपल्या सर्वांकडून शिकून केले. त्याच्याकडून जबरदस्तीने 'सॉरी' म्हणवून घेण्यातही अर्थ नाही. तो एक शब्द शिकेल आणि पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर न बोलता मनात म्हणेल. तुम्ही स्वतः त्या बाईंपाशी जा. "त्या दिवशी तुमच्या मुलीचा अपमान आमच्या घरात झाला, त्याचे मला वाईट वाटते," असे मुलाच्या देखत सांगा. त्यांना 'अहो' म्हणा, नावाने बोलवा, आणि चहा आपल्यासारख्याच कपात द्या. मुलीला पुन्हा आणा म्हणून आग्रह करा, पण त्यांनी नाही म्हटले तर तेही समजून घ्या. जखम त्यांची आहे, केव्हा भरायची ते त्यांनी ठरवायचे. मुलाला मात्र अंगणवाडीची गोष्ट सांगा. दोन आज्या होत्या, त्या मुलांच्या अंगणात शाळा घेऊन गेल्या, अशी. चार वर्षांच्या मुलाला ती छान कळते. जमले तर त्याला जवळच्या अंगणवाडीत घेऊन जा, देणग्या वाटायला नव्हे, पाहुणे म्हणून.

बाकीच्यांना सांगायचे ते शाळेबद्दल. या पानाकडे वर्षभर पत्रे येतात, बालवर्ग कुठला निवडू? त्यांत इंग्रजी किती, फी किती, गाडी दारात येते का, खाऊ काय देतात, हे सगळे असते. मी म्हणते, याआधी अर्धा तास त्या वर्गाच्या कोपऱ्यात बसायला मिळते का पाहा आणि एवढेच बघा. बाई प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात, की 'ए जाड्या', 'ए तोतऱ्या', 'ए हिरो' म्हणून? मुलाशी बोलताना खाली बसतात, की वरूनच बोलतात? केर काढायला मुलगे आणि मुली दोघेही उठतात, की झाडू मुलींकडे आणि चेंडू मुलग्यांकडे? एखाद्याच्या डब्यातल्या वासाला मुले नाक मुरडतात, तेव्हा बाई काय म्हणतात? धीमे बोलणाऱ्या मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबतात का? पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेतून आलेले मूल शाळेत असेल, तर ते कुठल्या रांगेत बसते? आणि मदतनीसबाईंना, गाडीवाल्यांना त्या बाई कशा हाक मारतात? एवढे नीट असेल तर भिंतीवरच्या चित्रांचा रंग उडालेला असला तरी चालेल. एवढे नसेल तर चकचकीत फरशीचा उपयोग नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत मारणेच नव्हे, तर मानसिक त्रास देणेही वर्ज्य केले. तीन वर्षांच्या मुलालाही मन असते, हे मान्य करायला आपल्याला कायद्याची वाट पाहायला नको.

शेवटी दिवाळीचे. सुट्टी लागली की तुमच्या आवारात मुले किल्ला करतील. माती कोण आणतो आणि मावळे कोण मांडतो, तेवढे जरा पाहा. बहुधा रखवालदारांचा मुलगा माती आणून देतो, आणि शिवाजी महाराजांना गडावर बसवायचा मान इमारतीतल्या कुणाला तरी मिळतो. यंदा मुलांना सांगा, ज्याने माती आणली त्याचा हात आधी. वाद होईल, रुसवेफुगवे होतील, होऊ द्या. फटाक्यांपेक्षा तो आवाज बरा. आणि फराळाचे ताट खाली पाठवताना ते कामाच्या माणसांच्या मुलांसाठी म्हणून पाठवू नका. त्या मुलाचे नाव विचारून घ्या आणि त्याच्या नावाने पाठवा.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या घरच्या माय, याडी, अम्मींना दिवाळीच्या शुभेच्छा.